तूट

कुटबणच्या जेटीमागे, साळ नदी
समुद्राला मिळण्याआधी जिथे जरा रेंगाळते,
तिथे आमचा बर्फाचा कारखाना आहे.
मी वही लिहितो. एकोणीस वर्षं झाली.
जमा पाणी, खर्ची बर्फ.
मधे एक रकाना आहे: तूट.

पाण्याला आकार नसतो असं शाळेत शिकवलं होतं.
इथे एका रात्रीत येतो,
पत्र्याच्या डब्याचा, वर रुंद, खाली निमुळता,
पन्नास किलोचा.
काठोकाठ भरला तर सकाळी डब्याची कूस फुगलेली असते.
गोठताना पाणी जास्त जागा मागतं.
नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगावं लागतं:
चार बोटं रिकामी ठेव.

डबे बुडवलेले असतात खारवलेल्या पाण्यात.
ते शून्याच्या खाली आठ अंश
आणि तरी वाहतं. मीठ त्याला गोठू देत नाही.
इनास ऑपरेटर म्हणतो, माझ्या सासूसारखं,
थंडगार, पण थांबायचं नाव नाही.

नळ्यांतून अमोनिया फिरतो. तो दिसत नाही.
एकदा जुना व्हॉल्व्ह गळला तेव्हा दिसला,
म्हणजे आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांतून
पाणी होऊन बाहेर आला.

लादीच्या मधोमध पांढरी शीर असते.
पाणी कडेकडून आत गोठत येतं
आणि जे त्याला नको ते, हवा, थोडा गाळ,
ढकलत ढकलत मध्यापर्यंत नेतं, तिथेच कोंडतं.
गिऱ्हाईक विचारतं, हे काय पांढरं?
हवा, मी सांगतो. वजनात धरत नाही.

इथून निघताना पन्नास, ट्रॉलरवर चव्वेचाळीस.
शाबू तांडेल दर खेपेला भांडतो,
सहा किलो खाल्ले कोणी?
उन्हानं खाल्ले. गोणपाटानं खाल्ले.
जेटीवरच्या मांजरांनी चाटले.
वितळलेला बर्फ कोण विकत घेतं, शाबू?

मागच्या एप्रिलात, भर दुपारी दोनला,
वेळ्ळीची आंतोनेत आली.
कायतान पहाटे गेला होता.
मुलगा तारवटी, जहाज ब्राझीलच्या कुठल्याशा बंदरात.
मडगावच्या शवागारात नको, म्हणाली,
तिथे त्याला ओळखीचं कोण आहे?
चार दिवसांना किती लाद्या?

बांगड्यांचा हिशोब मला पाठ आहे.
ह्याचा दर माझ्याकडे नव्हता.

रोज सहा लाद्या टेम्पोतून मीच नेल्या,
भुसा अंगणातच झटकून.
बर्फ वितळत असतो तेव्हा त्याचं तापमान चढत नाही.
मेणबत्त्या लावा, शेजार गोळा करा,
संध्याकाळी तेर्साला खोलीभर माणसं श्वास सोडू देत,
तो शून्यावरच. घेत राहतो, घेत राहतो,
शेवटचा खडा असेपर्यंत.
पुस्तकात ह्याला अप्रकट उष्मा म्हणायचे.
मला आठवीत ह्याचे दोन मार्क मिळाले नव्हते.

आंतोनेत बोलत नव्हती.
लादीखालचं पाणी फडक्यानं टिपायची, बादलीत पिळायची,
बादली भरली की मागल्या दारी
मिरचीच्या वाफ्यात ओतून यायची.

पाचव्या दिवशी मुलगा पोचला,
अंगात विमानातलं स्वेटर, घामानं निथळत.
तिनं त्याच्याकडे पाहिलं.
मग बादलीकडे, ती अर्धीच होती.
आणि मग जे झालं
ते अर्ध्या वाड्याला ऐकू गेलं.

वहीत चोवीस लाद्या, बाराशे किलो.
मालकानं विचारलं, पैसे?
मी तूट ह्या रकान्यात बाराशे लिहिले.
त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला
आणि पान उलटलं.

जूनला मासेमारी बंद होते. यंत्र थांबतं.
टाकी उपसली की तळाला मीठ निघतं,
इनास फावड्यानं खरवडतो, शिव्या देत.
तेव्हाच कधीतरी आंतोनेत येऊन
टेबलावर एक पिशवी ठेवून गेली.
वाळवलेल्या मिरच्या.
सवयीनं काट्यावर ठेवल्या: तीनशे ग्रॅम.
ओल्या असताना
दीड किलोच्या तरी असतील.