शटर

रेसकोर्सच्या कागदांवर तिचं नाव लांबलचक,
कुणा मालकाच्या हौसेचं.
मरोळच्या पागेत आली तेव्हा दफेदार सणसांनी
दात पाहिले, खूर उचलून पाहिले,
म्हणाले, साळुंकी म्हणा हिला.
आणि मला म्हणाले, आजपासून खरारा तुझ्या हातचा.

बारा दिवस मी तिच्यावर बसलेच नाही.
चंदी भिजवली, लीद उपसली,
नालबंद आला तेव्हा तिच्या नाकाशी उभी राहिले.
दुपारी डोक्यावरून विमान उतरायचं,
चाकं मोजता येतील इतकं खाली,
ती तोबऱ्यातून तोंड काढायची नाही.
मला वाटलं, हिला भीती म्हणजे काय ते ठाऊकच नाही.

तेराव्या दिवशी बाहेर काढली.
गावठाणाच्या वळणावर
अंतोन परेराने बेकरीचं शटर वर ढकललं,
खर्रर्र, धाड,
आणि साळुंकी सुटली.
क्रुसापर्यंत मी एकाच रिकिबीत होते.
दुधाचे कॅन आडवे, माझी टोपी गटारात.

बुजली नव्हती ती. हे मला उशिरा कळलं.
सहा वर्षं तिला एवढंच शिकवलं होतं:
लोखंड वाजलं, दार उघडलं,
की पळायचं.
आणि इथे रोज सकाळी
न्हावी, मेडिकलवाला, झेरॉक्सवाला
रस्ताभर शर्यतीची दारं उघडत होते.

मग रोज पहाटे बेकरीसमोर.
अंतोन शटर वीतभर उचलायचा, थांबायचा.
तिच्या मानेवर माझा हात, गुळाचा खडा.
पुन्हा वीतभर.
गिऱ्हाईकं वाकून खालूनच पैसे सरकवायची,
खालूनच पाव घ्यायची,
जाता जाता विचारायची,
मॅडम, घोडा पास झाला का?

महिना गेला. सुटत नव्हती, पण थरथरायची,
खोगिराखाली, पाण्यावरून वारा जावा तशी.
दफेदार एकदा सायकल टेकवून बघत राहिले.
म्हणाले, घोडी शटरला नाही थरथरत, पोरी.
शटर वाजायच्या आधी तुझ्या पोटऱ्या आवळतात.
ती तुझ्या पोटऱ्या वाचते.

राग आला.
रात्री बराकीत पोटरीला हात लावून पाहिला.
दगड.

सुट्टीच्या दिवशी एकटीच गेले.
अंतोन काही बोलला नाही,
शटरचा आकडा माझ्याच हातात दिला.
वर. खाली. वर.
तळहाताला ग्रीस, कानात खडखडाट.
तेरेजाने चहा आणून ठेवला, तो साय धरून गार झाला.
मधेच केव्हातरी मी श्वास सोडला.
कधीपासून धरला होता कोण जाणे.
भरतीच्या मैदानापासून बहुतेक:
आठशे मीटर, पहाटेचं धुकं, छातीवर नंबर,
शिट्टी वाजली की पळायचं.

दुसऱ्या दिवशी लगाम सैल सोडला.
शटर एकदम पूर्ण वर गेलं.
तिचा एक कान तिकडे.
एक वळला माझ्याकडे.
मी काहीच केलं नाही.
इतकं जड काम मी नोकरीत दुसरं केलेलं नाही.
ती फुरफुरली, शेपूट उचललं,
आणि बेकरीच्या दारात निवांत लीद टाकली.
अंतोन म्हणाला, बोहनी झाली,
आणि झाडू शोधायला आत गेला.

आता जाते ती. न्हाव्यावरून, मेडिकलवरून,
माझ्याही आधी कोपरा ओळखून वळते.
गुळाची उधारी अंतोनच्या वहीत आहे,
तो मागत नाही, मी विसरत नाही.

फक्त गुरुवारी
सकाळपासून तिचं अंग आखडलेलं असतं,
चंदीत तोंड घालत नाही, दाराकडे बघत राहते.
मी दफेदारांना विचारलं,
घोड्यांना वार कळतात का हो?
ते आयाळीतली गाठ सोडवत राहिले.

गुरुवारी आम्ही लांबच्या रस्त्याने जातो.