पाव गोळी

कारखान्याचा भोंगा सहाला होतो.
त्याआधी मी स्वयंपाकघरात दिवा लावून बसते.
समोर बशी, बशीत गोळी,
तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी,
मधोमध एक रेघ,
कुणी आधीच सांगून ठेवावं तशी: इथून मोडायचं.

एकतीस वर्षं मी मातोझिन्युशच्या ह्या कारखान्यात
सार्डिनची डोकी उडवते आहे,
आणि एवढ्याशा गोळीपुढं माझी सुरी थरथरते.

सुरुवात तशी क्षुल्लकच.
आमाडेऊची बोट दोन रात्री परतली नाही.
तिसऱ्या दिवशी परतली,
इंजिन बिघडलेलं, माणसं धड, जाळ्यात मासळीसुद्धा.
अख्ख्या धक्क्यानं त्याला मिठ्या मारल्या.
माझी छाती तेवढी
त्या दोन रात्रींतून बाहेर यायला तयार होईना.

डॉक्टर म्हणाले, चार आठवडे घ्या, मग दाखवा.
मी दाखवायला गेले नाही.
चिठ्ठी नवी होत राहिली, डॉक्टर बदलत राहिले,
त्या चार आठवड्यांची नऊ वर्षं झाली.

शेजारची एर्मेलिंदा कुंपणावरून हाक मारायची,
"फेलिझ्मिना, एक दे गं, उद्या परत करते,"
वाटीभर साखर मागावी तसं.
मी दिली. दोनदा.
दुसऱ्यांदा तिच्या पोटात वाइन होती.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसल्या बसल्या ती झोपली,
इतकी गाढ, की मी तिच्या नाकाशी आरसा धरला.
आरसा धुरकटला, मग मी रुग्णवाहिका बोलावली.
आधी बोलवायची असते,
आरसा नंतर.

त्याच रात्री, लाजेनं,
मी उरलेल्या सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या.
एक घाव, दोन तुकडे.
मला वाटलं, धीट बाई अशीच असते.

तिसऱ्या दिवशी दिव्याचा उजेड टोचू लागला,
मग चमच्याचा आवाज.
चौथ्या दिवशी पट्ट्यापाशीच कोसळले.
जाग आली ती तोंडात रक्ताची चव घेऊन,
आणि हिरव्या पडद्याआड एक पोरसवदा डॉक्टरीण
माझी जुनी फाइल
पहिल्या पानापासून वाचत होती.

"नऊ वर्षं चढलात," किटेरिया म्हणाली,
"आणि उतरायचं कसं, तर गच्चीवरून उडी मारून?"
तिनं कागदावर जिना काढला,
प्रत्येक पायरीखाली तारीख.
"पाय अडखळला तर आहात तिथंच थांबा, मला फोन करा.
आपल्या मनानं ना वर, ना खाली."

उतरणं गुडघ्यांना जड जातं,
हे मला ह्या गल्लीतल्या चढानं आधीच शिकवलं होतं.

औषधवाल्या आबिलियोनं गोळी कापायची डबी दिली,
आत इवलंसं पातं.
एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन नको, म्हणाला,
आणि नको झालेल्या गोळ्या मला आणून द्या,
मोरीत नको,
समुद्राला झोपवून कुणाचं भलं होणार?
मी हसले. बऱ्याच दिवसांनी.

आमाडेऊला ह्यातलं अर्धंच कळतं.
पण रात्री जेवताना तो स्वतःला वाइन ओततो
आणि माझ्या पेल्यात, तेवढ्याच ऐटीत, पाणी.

पहाटे बेकरीचा पोऱ्या
दाराच्या मुठीला पिशवी अडकवून जातो.
टेबलावर पाव.
बशीत पाव गोळी.
बाकीची पाऊण आता कुणाच्या पोटात नाही,
हे मोजायला मला बोटं लागतात.

एर्मेलिंदा अजून हाक मारते.
मी साखर देते.
गोळी मागितली तर म्हणते, गुरुवारी चल,
किटेरियाकडे दोघींचा नंबर लावते.
ती तोंड वाकडं करते. मागच्या गुरुवारी आली होती.

कालची रात्र वाईट गेली.
वारा होता, आमाडेऊ घरातच घोरत होता,
तरी मी दोनदा उठून बंदराकडे पाहिलं.
तारखेपुढं तसं लिहून ठेवलं.
आज पायरी तीच.

भोंगा झाला.
डबी मिटते, हात पुसते,
पावाचा एक तुकडा तोंडात टाकून निघते.