बा

वडगावात आमच्या आणि नीलव्वाच्या घरामध्ये
एकच भिंत, तीही कुडाची.
दिवेलागणीला ती पोराला हाक मारायची,
बाऽ, बसू, बा
आणि मी कांड्या भरायच्या टाकून दाराकडे पळायचो,
बा आला म्हणून.

बा तेव्हा इचलकरंजीला, दुसऱ्याच्या मागावर.
पंधरवड्यातून एकदा यायचा.
बसू रोज यायचा, गुडघे फोडून.
मला त्याचा राग का येतो ते आईला कळलं.
म्हणाली, तिचा बा म्हणजे ये,
आपला बा म्हणजे बा.
घरात मला शिकवलेलं व्याकरण एवढंच.

पुढं सुताच्या पेंड्या आणायला वाडीलालशेठकडे जाऊ लागलो.
तिथं गल्ल्यामागून बा यायची,
पांढरं लुगडं, हातात अडकित्ता.
मी हसलो.
शेठ म्हणाले, हसतोस काय, आई आहे माझी.
मक्तुमसाब पिंजारी कापसाच्या धुरळ्यातून सांगायचा,
भाऊ कोर्टातून बाइज्जत सुटला.
त्यातला बा म्हणजे सोबत.
इज्जत सोबत घेऊन आला,
सायकल मात्र पोलिसांनीच ठेवली.

आणि आम्ही?
आम्ही तर तो कुठंही सांडायचो.
नको बा. कुणास ठाऊक बा.
आपल्याला नाही बा जमायचं.

पाट्यांना डांबर फासलं त्या साली
मी एकोणीस वर्षांचा, डबा माझ्या हातात.
बाजार गल्लीची पाटी.
कानडीतला बा गोल, मडक्यासारखा,
खाली आपला, दांडीला टांगलेला.
हात थांबला, असं लिहायला आवडलं असतं.
थांबला नाही.

यंदा बाच्या छातीत पाणी झालं.
सिव्हिलमध्ये शिवलीला नावाची नर्स, गोकाककडची,
त्याला व्हरांड्यात चालवायची,
बा यज्जा, बा, इन्नोंद हेज्जे,
आणखी एक पाऊल.
रात्री मला म्हणाला,
गुणाची पोर आहे. मला बा म्हणते.

ती नुसतं ये म्हणते, असं सांगणार होतो.
मग आठवलं,
या माणसानं तीस वर्षं बाजारात कानडीत घासाघीस केलीय,
नीलव्वाच्या नवऱ्याशी गटारीवरून
कानडीतच भांडलाय,
आणि त्याच्या तिरडीला खांदा देताना
कानडीतच रडलाय.
परक्याला बर्री म्हणतात, घरच्याला बा,
हे त्याला मी सांगायचं?

उशी सारखी केली. दिवा घालवला.

सकाळी ती आली,
वहाणा जोडीनं पुढ्यात ठेवल्या, हात धरला.
बा, म्हणाली.
आलो गं, म्हणाला तो, मराठीत,
आणि माझ्याकडे न बघता
उठला.