पाटीवरची मिनिटं

पोपरादच्या स्वयंपाकघरात टेबलावर नकाशा पसरलाय.
एका कोपऱ्यावर मीठदाणी, दुसऱ्यावर चष्म्याचं घर,
तिसऱ्यावर अर्धा पाव,
चौथ्यावर बाबांची मूठ.

दुसऱ्या हाताचं बोट थेट साखळ्यांच्या खिंडीवर.
"इथून. एका दिवसात पलीकडे."

तीस वर्षं त्यांनी पाठीवरून वर नेलं
वरच्या हटला लागेल ते सगळं:
गॅसच्या टाक्या, बटाटे, बिअरची पिंपं,
एका हिवाळ्यात शिवणयंत्र;
आणि खाली आणला एकदा
पाय मोडलेला पोस्टमास्तर, वाटभर शिव्या देणारा.
तेव्हाचं सगळं शाबूत आहे अजून,
खांदे, मान, हट्ट.
उजवा गुडघा तेवढा फेब्रुवारीतला.

मी मूग गिळून बसते.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, चढू दे हवं तेवढं,
उतरणीला सांभाळा.
तेव्हापासून मी डोंगर उलटे वाचते,
तपकिरी रेघा जिथे एकमेकींना बिलगतात
तिथून नजर काढून घेते.

आमच्याकडे वाटेवरच्या पिवळ्या पाट्या
अंतर सांगत नाहीत, वेळ सांगतात.
तळं: एक तास पंधरा.
मी प्रत्येक आकड्याला दीडने गुणते,
वर दहा मिनिटं झुडपामागची,
वर "थांब, बुटात खडा गेलाय" याची,
जो खडा कधीच सापडत नाही.

केबल कारने वर जायचं, मी म्हणते,
मग लाल वाटेनं डोंगराच्या कमरेवरून
दोन रात्री, दोन हट, गादी, गरम सूप.
"आडवी वाट," बाबा म्हणतात,
जसं कुणी म्हणावं, पाणी घातलेलं दूध.

नवा नकाशा दुकानात मिळतो. त्यांना हाच हवा,
घड्यांवर चिकटपट्टी, तीही पिवळी पडलेली.
दिवा खाली ओढला तेव्हा दिसलं,
लाल वाटेवर पेन्सिलीचे बारीक गोल
आणि त्यांचं हमालाच्या पावत्यांवरचं अक्षर:
"इथे रडेल."
"जांभळ्या बोरांची झुडपं. वीस मिनिटं गेली समज."
"इथून खांद्यावर."
कोपऱ्यात साल, चौऱ्याऐंशी.
मी तेव्हा सहा वर्षांची.

मी बोट ठेवलं. त्यांनी चष्मा शोधला,
घर टेबलावर, चष्मा कपाळावर,
वाचलं, आणि पाव कापायला घेतला.
"रडली नव्हतीस तिथे," म्हणाले.
"त्याच्या आधीच."

ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी आम्ही निघालो.
माझ्या पाठीवर अकरा किलो, त्यांच्या पाठीवर चार,
ते सहा समजत होते; मी रात्री उठून
पावसाळी कोट आणि डबे इकडचे तिकडे केले होते.
सॅक उचलताच त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
वजनाच्या बाबतीत या माणसाला
कुणी कधी फसवलेलं नाही.
काही बोलले नाहीत.

पहिल्या वळणावर खालून एक पोरगा आला,
लाकडी चौकटीवर डोक्याहून उंच खोकी.
बाबा सरकले, दरीकडे नाही, कड्याकडे.
"आहोय," पोरगा धापेतून म्हणाला.
"डावा दोर ढिला आहे," बाबा म्हणाले
आणि विचारल्याशिवाय गाठ सोडली, आवळली.
पोरग्यानं खांदे हलवून पाहिले. हसला.
तो वळणाआड जाईपर्यंत
बाबा त्याचे पाय बघत होते, फक्त पाय.

बोरांपाशी वीस नाही, चाळीस मिनिटं गेली.
बोटं, ओठ, दोघांचे दात निळे.

पेन्सिलीचा शेवटचा गोल जिथे होता
तिथे एक सपाट दगड आहे.
बाबा बसले. नवा गुडघा सरळ ठेवून,
जुना दुमडून.
मी हात पुढे केला, त्यांनी सॅक दिली,
थर्मास काढून घेतला तेवढा.

समोर पाटी: हट, चाळीस मिनिटं.
त्यांनी घड्याळ पाहिलं, पाटी पाहिली,
चहाचं झाकण माझ्याकडे सरकवलं.

"ही पाटी," म्हणाले,
"पहिल्यापासून चुकीचीच आहे."