भाग क्रमांक बावीस

गेल्या खेपेला एकोणीस मतांनी पडलो.
एकोणीस म्हणजे किती, ते मला पाठ आहे:
फेरीतून एका खेपेला उतरणाऱ्या स्कूटर,
च्यारींच्या तीन घरांतली जेवणारी माणसं,
किंवा त्या दिवशी वझ्यांच्या लग्नाला गेलेले
आणि विडा चघळत सहा वाजून गेल्यावर परतलेले.

म्हणून या वेळी यादी माझ्याकडे.
शाळेपासून दोनशे मीटर, काजूखाली टेबल,
लाल पेन, कागदांवर एक दगड.
मत पडलं की नावावर रेघ.

सकाळ भराभर गेली.
देवळातून परस्पर आलेल्या बायका,
मिस्सा आटोपून दोघे फुर्तादो भाऊ,
एकमेकांशी न बोलणारे, एकाच रांगेत.
तीन वाजता गाव हुमण-भात जेवून आडवं झालं
आणि रेघ नसलेली नावं वर यायला लागली,
ओहोटीला खडक यावेत तशी.

८८, जुझे कायतान: बोटीवर. कुठल्या समुद्रात
ते बायकोलाही शुक्रवारी कळतं.
१४० ते १४३: चौघं लिस्बनला. नावं इथं, पाय तिथं.
२०७, सुकांती गांवस: वारली. दोनदा अर्ज दिला,
यादी ऐकत नाही.
३३१: कासिनोत रात्रपाळी. दारात आई आडवी,
"रात्रभर पत्ते वाटून आलाय पोर,
तुला आणखी एक बटण दाबून हवंय?"
हवं होतं. उठवलं.
शिव्या देत आला, शर्ट उलटा. रेघ.

३६५, पेर्पेतू मावशी: मत आमचं नाही,
सगळ्या वाड्याला ठाऊक.
रिक्षा तिच्या दारावरून रिकामी चाललेली,
तिनं हात केला.
काय करणार. रेघ.

पाच वाजून वीस. धक्क्यावर धावले.
पलीकडे कारखान्याच्या बसनं नऊ जणांना सोडलेलं,
एवढेएवढेसे, पण उभं राहण्यावरून
त्यातले पाच तरी मी आमचे ओळखले.
आणि फेरीच्या चाकावर ४१२, न्हानू हळर्णकर.
सकाळी सहापासून अख्ख्या गावाला मताला पोचवतोय,
त्याच्याच नावावर रेघ नाही.
बदलीचा माणूस आलेला नाही.

"बाय, आतां वचून येवं? धा मिन्टां."

मी नदीकडे पाहिलं. यादीकडे पाहिलं.
नऊ उणे एक.
शाळेत माझं गणित चांगलं होतं,
तसा शेरा आहे प्रगतिपुस्तकात.
"आधी त्यांना आण," म्हटलं.
तो काही बोलला नाही. भोंगा दिला.
फेरी मधोमध पोचेपर्यंत
माझ्या तोंडात ते वाक्य तसंच होतं, कच्च्या बिंब्याच्या फोडीसारखं.

सहाला सहा कमी. फेरी टेकली.
नऊ जण चढणीला लागले. न्हानू मागे राहिला.
दोर बांधला, मग वर आणखी एक गाठ,
सरकारी बोट आहे म्हणून,
मग धावला,
पन्नाशीचा माणूस, एक चप्पल हातात.

फाटकात अधिकारी चिठ्ठ्या वाटत होता.
रांगेच्या शेपटाकडून सुरुवात करायची असते,
नियम वाचला होता, पाहिला नव्हता:
शेवटल्या माणसाला एक नंबरची चिठ्ठी.
न्हानूनं ती ओंजळीत घेतली,
कौलाची पाकळी घ्यावी तशी,
आणि त्याच्या पाठीमागे फाटक लागलं.

पावणेसातला बाहेर आला.
चेहऱ्यावरून काही कळेना. विचारायचं नसतं.
धक्क्यावर स्कूटरवाले हॉर्न मारून थकलेले.
"किती जालीं?"
"सहाशे चौदा."
"आनी जाय कितलीं?"
"ते मोजल्यावर कळतं."

हसला. वाकला.
शाईचं बोट वर धरून, पुसू नये म्हणून,
नऊ बोटांनी दोर सोडायला लागला.
पहिली गाठ लगेच सुटली.
दुसरीला वेळ लागला.