गावंडकाकूंची लाइन

कोपरखैरण्यात, सेक्टर सहामध्ये,
सिडकोच्या भिंतीला तेव्हा नख लावलं तरी वाळू पडायची.
त्या वाळूत कसेबसे चार खिळे ठोकून,
मग ड्रेनेजच्या पाइपला सुतळीनं बांधत बांधत
आम्ही वायर खाली आणली :
वरच्या मजल्यावरच्या गावंडकाकूंच्या फोनपासून
माझ्या टेबलापर्यंत.

काकूंनी एवढंच विचारलं,
"शॉक नाही ना लागणार?"

हेरंब म्हणाला, एक मोडेम म्हणजे एक बादली.
दोन मोडेम, दोन बादल्या.
विहीर तीच, रहाट दोन.
फाइलचे तुकडे होतात, तुकड्यांना नंबर पडतात,
काही या तारेनं येतात, काही त्या तारेनं,
आणि इथं आल्यावर शहाण्या पोरांसारखे
पुन्हा ओळीत उभे राहतात.
मला पटलं नव्हतं.
आमच्या घरात तर
एका ताटातले दोघं भाऊ ओळीत उभे राहत नव्हते.

साडेअकराला सुरुवात.
आधी माझा मोडेम ओरडायचा,
कुणी पत्र्यावर खिळा ओढावा तसा,
मग काकूंच्या लाइनवरचा, जरा घोगरा, सर्दी झालेला.
आई आतून म्हणायची, "झालं का तुमचं भांडण?"
मग एकदम शांत.
खिडकीतून ठाणे-बेलापूर रस्त्याचा तो वास,
सडक्या कोबीचा की औषधाचा, कधी कळलं नाही,
आणि पडद्यावर आकडा :
अठ्ठावीस नव्हे, चोपन्न हजार.
हेरंबनं टाळी द्यायला हात पुढे केला
तो हात सोल्डरच्या चटक्यानं सुजलेला होता.

पण दोनच्या सुमारास
रोज आकडा निम्म्यावर यायचा.
एक तार मेली की दुसरी ओढत राहायची,
फाइल तुटायची नाही, फक्त लंगडायची.
आम्ही वायर तपासली. क्लिप बदलली.
सुतळी काढून चिकटपट्टी लावली.
एमटीएनएलला दोन शिव्या दिल्या, त्या तर नेहमीच्याच.

शेवटी हेरंब गॅलरीत जाऊन उभा राहिला.
वर काकूंच्या हॉलमध्ये दिवा.
रिसीव्हर कानाला लावून
त्या नुसत्या उभ्या होत्या.

कुणाशी बोलत नव्हत्या.
फोन चालू आहे ना, एवढंच बघत होत्या,
जसं आपण झोपायच्या आधी
गॅस बंद केला का बघतो, तसं.
आणि डायल टोनऐवजी रोज त्यांना ऐकू यायची
आमची ती खरखर,
माझे आणि हेरंबचे नंबर पडलेले तुकडे.

आम्ही काही बोललो नाही.
दोन वाजले की त्यांचा मोडेम आपणच बंद करायचा, असं ठरलं.
दहा मिनिटं एकाच बादलीवर.

महिनाअखेरीला बिल आलं.
लोकल कॉल मोजून आमचे पैसे पाकिटात घालून
आम्ही वर गेलो.
काकूंनी बिलाचा दुसरा कागद पुढे केला,
मागच्या बाजूनं, छापलेला भाग खाली.
आयएसडी. तीन कॉल. मस्कत. नंबर एकच.
नऊ सेकंद.
चौदा सेकंद.
सहा सेकंद.
तिन्ही रात्री दोन वाजून पाच-सात मिनिटांनी.

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या,
"तुमच्या त्या यंत्रानंच लावला असेल ना रे, चुकून?"

हेरंबनं माझ्याकडे पाहिलं.
ज्याला तुकडे आणि नंबर सगळं तोंडपाठ होतं
तो हेरंब टिपणीस अगदी गंभीरपणे म्हणाला,
"हो काकू. कधीकधी लावतं ते."

आणि खिशातून आणखी
एकशे बारा रुपये काढले.