वाक्यात उपयोग

कोशाच्या 'व' वर तीन दिवस अडलोय.
व्हॅम्पिरिझम.
जुन्या मसुद्यात कुणीतरी लिहून ठेवलंय, 'वेताळवृत्ती'.

मी आमोण्याचा. ते आधी खोडलं.
आमचा वेताळ रात्रभर शीव राखतो,
चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात,
बाबुसो नवा जोड शिवतो
आणि ठेवताना वर बघत नाही.
त्याचं नाव कुणाच्या दातांना कसं द्यायचं?

'जळूपणा' लिहून पाहिलं.
पण जळू पोट भरलं की सुटते आपणहून.
नार्व्याच्या वैद्याकडे ती बरणीत असायची,
आईच्या काळ्यानिळ्या घोट्यावर लावलेली
मी स्वतः पाहिलीय. आई झोपली होती त्या रात्री.
गोचीड म्हणावं तर
तीही म्हशीएवढी कधी फुगत नाही.

फोंड्याला डॉक्टर केरुबिनना फोन लावला.
म्हणाले, पोर्तुगीजीत रक्ताला 'सांग्'.
माझ्या बापाच्या दवाखान्यात एक बाई
गप्प बसलेल्या नवऱ्याला म्हणत होती, सांग, सांग,
आणि बाप त्याच्या अंगावर
जखम शोधत राहिला.
हसले. मग खोकला लागला, फोन ठेवला.

घरी आलो तर सुरंगावहिनी
कळशीच्या दोराला गाठ मारत होती,
दोन हात वाढवून. चतुर्थीला वाढवला होता, तो पुरेना.
डोंगरामागे खाणीचा पंप चालूच,
आमच्या विहिरीचं पाणी उपसून
नाल्यात सोडणारा. नाला कसा दिसतो
ते लिहीत नाही, उपमा फारच सोपी आहे.
स्वयंपाकघरात कंपनीचं कॅलेंडर.
त्यातला डोंगर अजून हिरवा.

एक गोष्ट सगळ्या संदर्भांत सापडते:
तो उंबऱ्याबाहेर थांबतो.
बोलावल्याशिवाय आत येत नाही.

हेही नोंदवायला हवं,
की कोशाचं अनुदान त्यांच्याच ट्रस्टचं.
टेबल, दिवा, हा कागद,
माझा महिन्याचा पगार, एक तारखेला, न चुकता.

म्हणजे अर्थाची जागा तूर्त कोरी.
लिंगही ठरलेलं नाही.
फक्त उदाहरण तेवढं सापडलंय,
काल अंगणात गाडी थांबली तेव्हा
माझ्याच तोंडून निघालेलं:

'या, आत या. बसा.
पाणी घेणार?'